पिकांचे गुण आणि त्यांचा शेजार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, समाजकारण ह्या विषयांची सवय आपल्या कानांना आहे. आजचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी पिकांत घडवून आणलेले बदल, आणि त्या बदलांचा गुणसूत्रांवरचा ठावठिकाणा शोधण्याची विद्या, असा हा विषय आहे. पण ज्या जिल्ह्यात पाऊस आठ दिवस लांबला की घरातले हिशेब बदलतात, तिथे बियाण्याचा विचार हा घरचाच विचार होय. आष्टी-पाटोद्याच्या माळावरचा शेतकरी असो की माजलगावच्या कालव्याखालचा, दोघेही बियाण्याच्या पिशवीवर जी भिस्त ठेवतात तिच्यामागे कोणते काम उभे असते, हे नागरिकांनी जाणून घ्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

शेतकऱ्याच्या अनुभवातली एक जुनी अडचण प्रथम मांडतो. एखादा वाण चांगला असतो, पण त्याच्यासोबत एक खोड येते. रोगाला दाद न देणाऱ्या भुईमुगाचे टरफल जाड निघते. मोठ्या दाण्याचा वाण शेतात अधिक दिवस घेतो. उपट्या भुईमूग लवकर येतो, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला तर त्याच्या दाण्याला जमिनीतच कोंब फुटतात. पसऱ्या भुईमुगाचा दाणा काही काळ झोपलेला राहतो, पण पीक उशिरा येते. चांगल्यासोबत वाईट येणारच, असे म्हणून आपण सोडून देतो. शास्त्रज्ञ मात्र येथे एक प्रश्न विचारतो. हे दोन गुण एकाच घरातले आहेत, की केवळ शेजारी आहेत? एकाच घरातले असतील तर त्यांची ताटातूट होणे नाही. शेजारी असतील तर आज ना उद्या त्यांना वेगळे करता येईल. आजचे सारे व्याख्यान ह्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी बदल कसे घडतात ते पाहू. शेतात हजारो रोपांत एखादे रोप निराळे दिसते. बुटके, पांढऱ्या पानांचे, वेगळ्या कणसाचे. निसर्गात असे बदल आपोआप होतात, पण क्वचित. 1927 साली अमेरिकेत हर्मन मुलर ह्यांनी फळमाशीवर क्ष-किरण सोडून असे बदल कित्येक पटींनी वाढवता येतात हे दाखवले. पुढच्याच वर्षी, 1928 साली, मिसूरीमधील लुईस स्टॅडलर ह्यांनी तेच वनस्पतींत सिद्ध केले. त्यांनी त्यासाठी घेतलेले पीक होते जव, म्हणजे आपल्याकडे ज्याला सातूही म्हणतात ते. आपल्या घरांतल्या सातूच्या पिठात आता बहुधा गहू आणि डाळेच असते. पण आनुवंशिकतेच्या शास्त्रात सातूचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या गुणसूत्रांच्या अवघ्या सात जोड्या, त्याही ठसठशीत. फूल स्वतःच्याच परागाने फळते. शिवाय एका दाण्यातून अनेक फुटवे येतात, आणि निरनिराळे फुटवे बीजातल्या निरनिराळ्या पेशींपासून निघालेले असतात. त्यामुळे किरणांनी एका पेशीत बदल केला तर तो एखाद्याच ओंबीच्या संततीत उतरतो, बाकीच्या ओंब्या तुलनेला शिल्लक राहतात. स्टॅडलर ह्यांच्या हाती अशा रीतीने एक आयती तागडी आली.

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येते, ती दूर करतो. किरण दिलेले बियाणे किरणोत्सारी होते काय? होत नाही. क्ष-किरण किंवा कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण बीजातून आरपार जातात, जाता जाता गुणसूत्रात कुठेतरी मोडतोड करतात, आणि संपतात. उन्हात ठेवलेले कापड रात्री प्रकाश देत नाही, तसेच हे. शिवाय ज्या दाण्यांना किरण दिले ते आपल्या ताटात येत नाहीत. त्यांच्या पुढच्या अनेक पिढ्या निवडून, पारखून, मगच वाण बाहेर पडतो. बहुतेक बदल दबून राहणारे असल्यामुळे पहिल्या पिढीत ते दिसतही नाहीत. दुसऱ्या पिढीत, आईकडून आणि बापाकडून तोच बदल एकत्र आला, की रोप वेगळे दिसते. आणि हेही सांगितले पाहिजे की असे बहुसंख्य बदल निरुपयोगी किंवा अपायकारकच असतात. किरण आंधळे असतात. डोळे लागतात ते निवडणाऱ्याला.

आपल्या महाराष्ट्रात ह्या विद्येचे मोठे काम झाले ते मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे. ज्या संस्थेला 1967 सालापासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात, तिथे त्याआधीच, पन्नासचे दशक संपत आले तेव्हा, 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' नावाच्या उपट्या भुईमुगाच्या दाण्यांना क्ष-किरण देण्यात आले. एस. एच. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून मोठ्या शेंगांची, बुटकी, उंच, निराळ्या पानांची अशी रोपे निवडून वेगळी वाढवली. त्यातला मोठ्या दाण्याचा टीजी-1 हा वाण 1973 साली लागवडीसाठी प्रसारित झाला. पुढे अशा बदललेल्या रोपांचे एकमेकांशी आणि इतर वाणांशी संकर होत गेले. त्या परंपरेतला टीएजी-24 हा वाण 1991 साली आला. त्याच्या नावातच त्याचे कूळ आहे: ट्रॉम्बे, अकोला, ग्राउंडनट. उंचीला बेताचा, लवकर येणारा आणि पाल्यापेक्षा शेंगांवर अधिक भर देणारा हा भुईमूग उन्हाळी हंगामात महाराष्ट्रभर पोचला. त्याच्या पूर्वजांत 'उंच' म्हणून निवडलेले एक बदललेले रोप आहे, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. टीजी-26 हा उपट्या वाणही ह्याच घरचा. त्याच्या ताज्या दाण्यात सुमारे तीन आठवड्यांची झोप आहे. म्हणजे काढणीच्या पावसात कोंब फुटण्याची धास्ती कमी. आणि आपल्या अगदी शेजारची गोष्ट सांगायची तर, 2007 साली आलेला मोठ्या दाण्याचा टीएलजी-45 हा ट्रॉम्बे आणि लातूर ह्या दोन ठिकाणच्या कामाचे फळ आहे. लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, म्हणजे आपल्याच मराठवाड्याचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेजारी गुण म्हणजे काय? 1905 च्या सुमारास इंग्लंडात बेटसन, साँडर्स आणि पनेट ह्यांना शोभेच्या वाटाण्यात असे आढळले की फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार हे दोन गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे एकमेकांपासून मोकळे न राहता बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. त्याचा उलगडा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस मॉर्गन ह्यांनी केला. गुण ठरवणारे घटक, ज्यांना आपण जनुके म्हणतो, ते गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखे ओळीने बसलेले असतात. बीज तयार होताना जोडीतल्या दोन माळा एखाद्या ठिकाणी तुटतात आणि एकमेकींचे तुकडे बदलून घेतात. जे मणी दूर आहेत त्यांच्यामध्ये तुटण्याचा संभव जास्त. जे लगत आहेत ते बहुधा एकत्रच राहतात.

आपल्याकडचा दाखला घेऊ. बीडहून गेवराई जवळ आणि अंबाजोगाई लांब. पावसाळ्यात रस्ता कुठे खचेल ते सांगता येत नाही, पण बीड आणि अंबाजोगाई ह्यांच्या दरम्यान खचण्याचा संभव जास्त, कारण रस्ताच लांब. उलट, वर्षानुवर्षे कोणत्या दोन गावांमधली वाहतूक किती वेळा तुटली ह्याची नोंद कुणी ठेवली, तर गावे न पाहताही त्यांतले अंतर त्याला अजमावता येईल. मॉर्गन ह्यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट ह्याने नेमके हेच केले. 1913 साली, पदवीला नुकताच पोचलेला असताना, त्याने माशीच्या सहा गुणांच्या जोड्या किती वेळा फुटतात ह्या आकड्यांवरून त्यांचा क्रम आणि अंतरे काढून पहिला नकाशा प्रसिद्ध केला. ज्या दोन गुणांची जोडी शंभर बीजांत एकदा फुटते, त्यांच्यातले अंतर एक एकक. मॉर्गन ह्यांच्या सन्मानार्थ त्याला सेंटिमॉर्गन म्हणतात.

ह्या अंतराचा शेतीशी संबंध काय, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा दोन हवेहवेसे गुण आहेत, दोन्ही दबून राहणारे, एक एका वाणात आणि दुसरा दुसऱ्या वाणात. संकर करून दुसऱ्या पिढीत दोन्ही गुण एकाच रोपात उघड दिसायला हवे आहेत. ते दोन गुण वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर सरासरी सोळा रोपांत एक तसे मिळेल. एकाच गुणसूत्रावर दहा एककांवर असतील तर चारशे रोपांत एक. आणि एकच एकक अंतर असेल तर चाळीस हजारांत एक! भुईमुगाच्या दोन ओळींत 30 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर धरले, तर चाळीस हजार रोपांना बारा गुंठे जमीन लागते. ती बारा गुंठे एकेक रोप पाहत पालथी घालायची, तेव्हा सरासरीने एक रोप हाती येणार. चारशे रोपे पाहून "हे गुण जुळत नाहीत" असे म्हणणारा आणि चाळीस हजार पाहणारा ह्यांच्या बुद्धीत फरक असेलच असे नाही. पण किती पाहावे लागेल हे नकाशामुळे दुसऱ्याला आधी कळलेले असते.

सातूच्या बाबतीत हा नकाशा फार मेहनतीने तयार झाला. स्वीडनमध्ये 1928 पासून निल्सन-एले आणि गुस्ताफसन ह्यांच्या परंपरेने किरणांनी बदललेल्या सातूचा प्रचंड संग्रह जमवला. त्यातला एकच प्रकार पाहा. सातूच्या पानांवर आणि कणसावर मेणाचा पातळ थर असतो. तो थर कमी झालेली किंवा नाहीसा झालेली दीड हजारांहून अधिक रोपे तिथे जमली. दिसायला सारखी. मग त्यांचे आपसांत संकर केले. दोन्ही रोपांत एकच जनुक बिघडलेले असेल तर संततीतही मेण नसणार. वेगवेगळी बिघडली असतील तर एकीची उणीव दुसरी भरून काढणार आणि मेण पुन्हा येणार. ह्या कसोटीने त्या दीड हजारांची वाटणी 79 निरनिराळ्या जागांवर झाली. म्हणजे मेणासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीला एकोणऐंशी हात लागलेले असतात. दिसण्यावरून कूळ ठरवू नये, हा धडा सातूने शिकवला.

सातूचाच दुसरा दाखला आपल्या मूळ प्रश्नाला थेट भिडणारा आहे. 1942 साली जर्मनीत हाले येथे फ्राइसलेबेन आणि लाइन ह्यांना क्ष-किरण दिलेल्या सातूत भुरी रोगाला दाद न देणारे रोप मिळाले. पण त्याच्या पानांवर रोग नसतानाही करपल्यासारखे ठिपके येत. आता हे ठिपके म्हणजे शेजारच्या दुसऱ्या जनुकाचा दोष, की रोगप्रतिकार देणाऱ्या जनुकाचीच दुसरी बाजू? शेजारी असता तर पुरेशा रोपांत केव्हातरी जोडी फुटली असती. पण त्याच जागी स्वतंत्रपणे झालेले दुसरे बदल मिळत गेले, तेव्हा प्रतिकार आणि ठिपके दोन्ही सोबतच आले. गुण एकाच घरातले होते. मग पैदासकारांनी ताटातुटीचा नाद सोडला, आणि बाकीची पार्श्वभूमी अशी निवडली की ठिपके सौम्य राहावेत. त्या जनुकाच्या जोरावर युरोपातले वसंत ऋतूतले सातू आजही भुरीपासून वाचते. ट्रॉम्बेलाही भुईमुगात रोग नसता रोगासारखे ठिपके दाखवणारे एक बदललेले रोप मिळाले आहे. निसर्गाच्या खोड्या पीक बदलले तरी ओळखीच्या असतात.

आपल्यात म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आनुवंशिकतेत शेजाऱ्याचा गुण लागत नाही. दोघे एका दावणीला बांधलेले असतात म्हणून एकत्र दिसतात, इतकेच. दावे कुठे सोडायचे ते कळले की झाले.

भुईमुगाच्या बाबतीत हे दावे सापडायला फार उशीर लागला, आणि त्याला कारणे आहेत. सातूच्या सात जोड्या, भुईमुगाच्या वीस. त्यातही भुईमूग हा दोन रानटी जातींच्या मिलाफातून जन्मलेला, त्यामुळे बहुतेक जनुके दुहेरी. एक बिघडले तरी दुसरे काम चालवते, आणि बदल डोळ्यांना दिसतच नाही. संकराचे कामही नाजूक. संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे पराग लावायचा, मग त्या फुलाची आरी जमिनीत जाऊन शेंग धरते की नाही ह्याची वाट पाहायची. इतके करून हाती येतात एकदोन दाणे. शिवाय पीक जमिनीखाली, त्यामुळे रोप उपटल्यावाचून शेंग कळत नाही.

म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांऐवजी जनुकद्रव्यातल्याच बारीक खुणा वापरण्याची रीत आल्यावर भुईमुगाचा नकाशा पुढे सरकला. 2009 साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतून अशा खुणांवर आधारलेला लागवडीच्या भुईमुगाचा पहिला नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात 135 खुणा होत्या. आणि त्या संकरातला एक पालक कोण होता? आपला टीएजी-24. किरणांतून निघालेल्या घराण्याचा वाण आपल्या जातीच्या नकाशाचा पाया झाला.

ह्या नकाशांचा उपयोग तांबेऱ्याच्या बाबतीत स्पष्ट दिसला. धारवाडच्या जीपीबीडी-4 ह्या वाणात तांबेऱ्याचा प्रतिकार आहे, आणि त्याचे मूळ रानटी भुईमुगात आहे. टीएजी-24 शी त्याचा संकर करून शोध घेतला तेव्हा प्रतिकारातला सुमारे 80 टक्के फरक गुणसूत्राच्या एकाच भागाशी बांधलेला आढळला. ठिकाण कळले, दोन्ही बाजूंच्या खुणा कळल्या; मग तेवढाच तुकडा उचलून टीएजी-24 मध्ये आणि जळगावच्या केंद्रातून आलेल्या आपल्या जुन्या जेएल-24, म्हणजे फुले प्रगती, ह्या वाणात आणण्यात आला. त्याचे वृत्त 2014 साली प्रसिद्ध झाले. येथे मघाचा हिशेब पुन्हा आठवावा. एका एककावरचे दोन दबलेले गुण एकत्र उघड दिसण्यासाठी चाळीस हजार रोपे लागत होती. पण खुणांमुळे गुण दबलेला असतानाही ओळखता येतो, तेव्हा दुसऱ्या पिढीत जोडी फुटून हवी ती सांगड झालेले रोप शंभरांत एक सापडते. तीनचारशे कोवळ्या रोपांची पाने तपासली की काम भागते, आणि पुढच्या पिढीत त्याचा चौथा हिस्सा शुद्ध निघतो. बारा गुंठ्यांचे काम एका वाफ्यावर आले.

पण आपल्या जिल्ह्याला तांबेऱ्याहून मोठी चिंता आहे ती पाण्याची. 2009 चा तो पहिला नकाशा मुळात त्याच शोधासाठी काढला होता. थोड्या पाण्यात अधिक वाढ करण्याची शक्ती कुठे आहे? उत्तर निराळे आले. तांबेऱ्यासारखी एक जागा सापडली नाही. लहान लहान वाट्यांच्या अनेक जागा सापडल्या, कुणाचा हिस्सा थोडा, कुणाचा त्याहून थोडा. अवर्षणाशी झुंजणे हा एका जनुकाचा पराक्रम नव्हे, हे ह्या नकाशाने सांगितले. तेव्हा "एका जनुकाने दुष्काळावर मात" असे कुणी जाहिरातीत लिहिले, तर ते कोणत्या नकाशावर आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. जे साध्य नाही ते कळणे हेही शास्त्राचे देणे आहे. त्यामुळे विहीर, बंधारा, आच्छादन आणि वाण ह्यांपैकी कुणावर किती भार टाकायचा, ह्याचा विवेक राहतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मराठवाड्यात खरिपातल्या भुईमुगाची जागा कापूस आणि सोयाबीनने बरीचशी घेतली आहे. भुईमुगाचे बियाणे एकरी चाळीस-पन्नास किलो लागते, आणि एका एकराच्या उत्पन्नातून पुढच्या हंगामाला जेमतेम आठदहा एकरांचे बियाणे होते. त्यामुळे चांगला वाणही गावोगाव पोचायला वर्षे लागतात, आणि खासगी व्यापाराला त्यात गोडी कमी. मात्र भुईमूग स्वतःच्याच परागाने फळतो. एकदा शुद्ध वाण मिळाला की शेतकऱ्याला घरचे बियाणे राखता येते, आणि 2001 च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा, आणि छापाचे नाव न लावता विकण्याचाही हक्क त्याला दिला आहे. चाळीस हजार रोपांतून निवडलेली सांगड खळ्यावर दोन वाणांची पोती एकत्र झाली की एका दुपारी मोडते. गावातल्या चार जणांनी मिळून एक वाण वेगळा पेरला, वेगळा उपटला, वेगळा वाळवला आणि पोत्यावर नाव व साल लिहून ठेवले, तर ट्रॉम्बे आणि लातूरच्या पन्नास-साठ वर्षांच्या कामाचा शेवटचा दुवा आपल्या हाताने जोडला जाईल. शाळामास्तरांनी मुलांना शेतावर नेऊन निराळ्या दिसणाऱ्या रोपाला दोरा बांधायला आणि त्याची संतती मोजायला शिकवावे. मोजणे हीच ह्या विद्येची पहिली पायरी आहे; स्टर्टेव्हंटजवळही माशा मोजलेल्या वह्यांपलीकडे दुसरे भांडवल नव्हते.